कुंकू लावलेली दोनशे कार्डं

गेल्या महिन्यात पंधरा दिवस मला एका जागी बसवत नव्हतं. खुर्चीत टेकले की वाटायचं गॅस चालू राहिलाय. गॅसपाशी गेले की वाटायचं दार उघडं आहे. दाराशी गेले की समोरची शेजारीण विचारायची, "काय आजी, कोणी यायचंय का?" कोणी यायचं नव्हतं. जायचं मलाच होतं. जायचं ठिकाण रिक्षाने वीस मिनिटांवर, आणि ती वीस मिनिटं मी चाळीसच्या वर वर्षं टाळत आले होते.

सुरुवात नातीने केली. ती इथेच नगरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. (गावाचं नाव बदललंय हे मला माहीत आहे. पण पुण्याच्या स्टँडवर कंडक्टर अजून 'नगर, नगर' असंच ओरडतो, आणि मी कंडक्टरच्या बाजूची.) तिचा प्रोजेक्ट असा: भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला ज्या वाड्यांवर मोबाईलला रेंज येत नाही, तिथून खाली आरोग्य उपकेंद्रापर्यंत निरोप पोचवायचे. त्यासाठी साबणाच्या डबीएवढ्या रेडिओच्या डब्या. एक डबी वर, एक खाली. पण त्या डबीतून एका वेळी जेमतेम दोन ओळी जातात. म्हणून निरोप दाबून भरायचा.

"दाबून म्हणजे?" मी विचारलं.

"कमी जागेत मावेल असा. पण फोटो दाबतात तसा नाही हां आज्जी. फोटोतलं थोडं गळलं तरी कोणाला कळत नाही. इथे एक अक्षर गळायला नको. जे आत गेलं, ते जसंच्या तसं बाहेर यायला पाहिजे."

"म्हणजे गादीसारखं. गुंडाळून दोरीने आवळली की माळ्यावर मावते, सोडली की होती तेवढी."

"बरोबर! कापूस तेवढाच." ती खूश झाली आणि कॉटवर मांडी घालून मला शिकवायला बसली. तिची आई, म्हणजे माझी सून, म्हणते, ही पोरगी परीक्षेचा अभ्यास माझ्यावर करते. करू दे. मी मध्ये मध्ये मुद्दाम मठ्ठ प्रश्न विचारते, मग तिला जास्त जोर चढतो.

दाबायच्या दोन तऱ्हा आहेत म्हणे. एक स्थिर. आधीच बसून मोजायचं, कुठला शब्द किती वेळा येतो. जास्त येणाऱ्याला छोटी खूण, क्वचित येणाऱ्याला लांब. तो तक्ता दोन्ही डब्यांत ठेवून द्यायचा, मग त्याला हात लावायचा नाही. दुसरी तऱ्हा बदलती. त्यात आधी मोजायचं नाही, तक्ता द्यायचा नाही. दोन्ही डब्या सारख्याच अडाणी असतात आणि निरोप जाता जाता शिकतात. जो शब्द नुकता येऊन गेला, त्याची खूण छोटी होते. वरच्या डबीत झाली की खालच्या डबीतही आपोआप होते, कारण दोघींनी तेच ऐकलेलं असतं. साथ आली की 'ताप' छोटा, साथ गेली की 'ताप' मागे.

"म्हणजे माझा ट्रे," मी बोलून गेले.

"अगं हो!" ती उडालीच. "तुझा ट्रे म्हणजे हेच की! आज्जी, तू तर कॉम्प्युटर नसताना केलंस हे! मी हे रिपोर्टमध्ये लिहिणार. आणि त्या क्लार्कची गोष्ट पण. सगळे हसून मरतील."

तिथून माझी बैठक मोडली.

ट्रेची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. लग्नाकार्यात जेवणं झाली की कोणीतरी म्हणणारच, "काकू, तो ट्रेचा किस्सा सांगा." आणि काकू सांगणार, नकला करून.

किस्सा असा. मी पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात क्लार्क होते. कालव्याची कुठली चारी, म्हणजे मोठ्या पाटातून गावाकडे जाणारा कुठला फाटा, कधी उघडायचा आणि कधी बंद ठेवायचा, ते साहेब ठरवायचे. ते वर कालव्यावरच्या सेक्शन ऑफिसला फोनवरून कळवायचं काम माझं. सकाळी ट्रंक कॉल लावायचा, दुपारपर्यंत वाट बघायची, आणि लागला की मिळायची तीन मिनिटं. तीन मिनिटं झाली की एक्स्चेंजवाली मध्ये तोंड घालायची, "टाइम झाला," आणि खट्ट.

पलीकडे फोन घ्यायला एक क्लार्क होते. भिंगारचे, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे. त्यांना सगळं ऑफिस भाई म्हणायचं. भाईंची पद्धत साधी होती. चाऱ्यांची नावं आणि नेहमीची वाक्यं, 'दार अर्धं उघडा', 'पाटकरी पाठवा', 'गाळ काढून घ्या', अशी सगळी मिळून दोनशे. प्रत्येकाला एक नंबर. तो तक्ता टाईप करून दोन्हीकडे टेबलाच्या काचेखाली घातलेला. मी इकडून म्हणायचं, "एकशे सत्त्याण्णव, त्रेचाळीस, एकशे अठ्ठेचाळीस," की भाई तिकडे काचेत बघून लिहायचे.

बरं चाललं होतं. पण मग तिथे ती आली. ती म्हणजे मी, सत्तावीस वर्षांची. बी.एस्सी. झालेली, आणि हे कोणी विचारलं नाही तरी सांगणारी. डोक्यावर अंबाडा एवढा उंच की दारातून जाताना बया वाकायची. आपण येण्याआधी ह्या ऑफिसात कोणी विचार म्हणून केलेला नाही, अशी तिची खात्री होती. तिच्या लक्षात आलं की पाण्याच्या एका आवर्तनात, म्हणजे एका पाळीत, त्याच पाच-सात चाऱ्या आणि तीच चार वाक्यं फिरून फिरून येतात. मग दर वेळी 'एकशे सत्त्याण्णव' कशाला? हा आकडा बोलून होईपर्यंत चहा गार होतो! तिने दोनशे कार्डं केली, लाकडी ट्रेत उभी लावली. अगदी तशीच दोनशे, त्याच क्रमाने, भाईंकडे पाठवली. नियम एकच. जे कार्ड आलं, ते उपसून सगळ्यांत पुढे ठेवायचं. आणि फोनवर नंबर सांगायचा तो कार्डाचा नाही, ते ह्या घटकेला कितव्या जागी उभं आहे त्याचा.

आठवड्यात निरोप "दोन, चार, एक, पाच" असे होऊन गेले. तीन मिनिटांचा फोन सव्वा मिनिटात. उरलेल्या वेळात ती भाईंना हवापाणी विचारायची, जणू गव्हर्नरच. साहेबांनी स्टाफसमोर कौतुक केलं, तर त्या दिवशी घरी जाताना ती आपला थांबा सोडून पुढे दोन थांबे गेली.

भाईंनी एकदाच शंका काढली होती. "बाई, काचेखालचा कागद हलत न्हाई. एक नंबर चुकला तर एक ओळ चुकते. ह्यात एक कार्ड चुकलं तर?"

"चुकायचंच नाही, भाई."

"पन चुकलं तर?"

"तुम्ही नीट लावा, म्हणजे झालं."

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारांची पूजा. शेतकऱ्याकडे विळा-कुदळ, आमच्या ऑफिसात टाईपरायटर, शिक्के, फोन. आणि ह्या वर्षी ट्रे. किश्श्यात मी इथे डोळे मोठे करायची. "तर काय! भाईंनी तिकडे पूजेसाठी ट्रे झाडला-पुसला, आणि आपला शहाणपणा, कार्डं अ-आ-इ करत छान ओळीने लावून ठेवली! दसऱ्यानंतर मी इकडून म्हणतेय 'तीन, एक, सहा', आणि तिकडे भलतीच दारं उघडतायत!" इथे लोक हसून लोळायचे. ताटं उचलायला आलेल्या बायकाही थांबायच्या.

नातीला ही गोष्ट लहानपणापासून पाठ, आणि आता ती कॉलेजात सांगणार होती, मोठ्या पडद्यावर.

मी तिला हळूच एक विचारून पाहिलं. "तुझ्या त्या डब्यांतला मधला एखादा निरोप हरवला तर?"

"मग खालची डबी एका पावलाने मागे राहते," ती म्हणाली. "पुढचं सगळं चुकीचं वाचते. पण लॅबमध्ये एकही हरवला नाही. आणि बदलत्या पद्धतीत निरोप केवढे छोटे होतात माहितेय? पद्धत चांगलीच आहे आज्जी. तुझ्या वेळेलाही पद्धत नाही चुकली, माणूस चुकला."

हे म्हणताना तिने मान अशी काही वाकडी केली की मला तो अंबाडा दिसला. डब्या पुढच्या सोमवारी वर नेऊन बसवायच्या होत्या.

ते दिवस मी घरात नुसती फिरत होते. स्वयंपाकघरात गेले तर मसाल्याच्या बरण्या पुढच्या मागे, मागच्या पुढे. सून म्हणाली, "आई, मला जिरं सापडत नाहीये, तुम्ही एक काम करा, टीव्ही बघा." टीव्ही लावला तर त्यात कोणी काय बोलतंय ते शिरेना. डोळ्यांसमोर एकच यायचं. वरच्या पाड्यावरची एक बाई डबीत सांगतेय, बाळंतीण अडली आहे, गाडी पाठवा. आणि खाली उपकेंद्रात अक्षरं उमटतायत, गोळ्या मिळाल्या, सगळं ठीक. अक्षर एकही फाटलेलं नाही. अगदी शुद्ध, वाचता येण्याजोगा, खोटा निरोप. तो तसाच दिसतो. मी पाहिलेला आहे.

शनिवारी दुपारी मेथी निवडायला घेतली. नात शेजारी लॅपटॉप घेऊन बसलेली. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आज्जी, तू पानं टाकतेयस आणि काड्या ठेवतेयस."

मी बघितलं तर खरंच. मग म्हटलं, आता काय उरलं.

"ते भाईंनी नव्हतं केलं," मी म्हणाले.

"काय?"

"ट्रे. त्यांच्या ट्रेला कोणी हात लावला नव्हता. मी लावला होता. माझ्या."

तिने लॅपटॉप मिटला.

मी सांगितलं. खंडेनवमीला त्या शहाणीला आपला ट्रे पूजेच्या मधोमध हवा होता. नुसता ट्रे ठेवून तिचं भागेना. तिने दोनशे कार्डं बाहेर काढली, जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून त्यावर ओळींनी मांडली, आणि प्रत्येक कार्डाला हळद-कुंकवाचं बोट लावलं. दोनशे बोटं! कुंकू ओलं, म्हणून वाळेपर्यंत तशीच राहू दिली. मग उचलताना ओळी डावीकडून उचलायच्या की उजवीकडून, ह्यात दोन-तीन ओळी उलट्या गेल्या. ते तिला तिथल्या तिथे जाणवलं होतं. हात क्षणभर थांबला होता. पण तेवढ्यात कोणीतरी पेढे आणले.

दसऱ्याची सुट्टी झाली. पहिल्या फोनला तिने आपल्या ट्रेतले आकडे सांगितले, भाईंनी आपल्या ट्रेतली कार्डं उचलली. दोन्हीकडे नियम तंतोतंत पाळला. आणि जी चारी फुटलेली म्हणून बंद ठेवायची होती, तिचं दार पूर्ण उघडलं गेलं. पाणी फुटल्या जागेतून खळ्यांवर गेलं, मळणीला पसरलेली गावाची बाजरी भिजली. ज्या गावाची कांद्याची रोपं पाण्यावाचून माना टाकत होती, तिथलं दार दहा दिवस बंद राहिलं. रोजचा फोन होत होता, रोज आधीच्या चुकीवर नवी चूक बसत होती, आणि आकडे मात्र 'दोन, चार, एक', झोकात.

चौकशी झाली. माझ्याकडे साहेबांच्या सहीचा बरोबर हुकूम. भाईंच्या कागदावर चुकीची कामं. चौकशीच्या साहेबांनी मला एकच विचारलं, "तुमच्याकडच्या ट्रेला कोणी हात लावला होता का?"

"मग तू काय म्हणालीस?" नातीने विचारलं.

"नाही म्हणाले."

तिने माझ्या पुढ्यातली मेथी ओढून घेतली आणि पानं-काड्या वेगळ्या करायला लागली. ती बोलत नाही तेव्हा मला भीती वाटते. तिची आईही तशीच आहे.

"आणि त्यांचं काय झालं?"

"बदली. वर धरणावर, भंडारदऱ्याला. बायको-मुलं भिंगारला."

"आहेत ते अजून?"

"आहेत. इथे नगरच्या बाजारात मागे दोनदा दिसले होते. एकदा मी भांड्यांच्या दुकानात शिरले आणि नको असलेलं पातेलं घेऊन बाहेर आले."

एरवी ती ह्यावर हसली असती. "ऊठ," ती म्हणाली. "साडी बदल."

"आत्ता? उन्हाचं?"

"आज्जी, ऊठ."

रिक्षात मी तिला तीनदा म्हटलं की ते झोपले असतील. किल्ल्यापाशी म्हटलं की मला घाम सुटलाय. छावणीची झाडं लागली तेव्हा म्हटलं, पुढच्या आठवड्यात येऊ, काहीतरी खायला घेऊन येऊ. तिने रिक्षा थांबवून समोरच्या बेकरीतून पाव किलो नानकटाई घेतली आणि पुडा माझ्या मांडीवर ठेवला. मग माझ्याकडे सबब उरली नाही.

भाई ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. ऐंशीच्या घरातले, पाय सुजलेले, दाढी पांढरी. माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या सूनबाई आतून आल्या, कोण म्हणून विचारायला लागल्या, तर हातानेच त्यांना थांबवलं.

"बाई," ते म्हणाले. "अंबाडा कुठं गेला?"

"केसांबरोबर गेला, भाई."

त्यांनी नातीला खुर्ची द्यायला लावली, चहा सांगितला. मी सुरू केलं. ऊन फार आहे म्हटलं. भिंगारचा बाजार किती बदलला म्हटलं. गुडघ्यांचं विचारलं, माझ्या गुडघ्यांचं सांगितलं. मग त्यांच्या गुडघ्यांचं परत विचारलं.

"बाई," भाई म्हणाले, "तीन मिनटं झाली."

मग मी सांगितलं. कुंकवाची बोटं, उलट्या ओळी, पेढे, आणि तो एक शब्द. सांगताना त्यांच्याकडे न बघता नानकटाईच्या पुड्याची दोरी सोडत होते. ती सुटली, मग परत बांधत होते.

"मला म्हाईत हाय," भाई म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"सुट्टीआधीच्या शेवटच्या फोननंतर मी ट्रेचा क्रम वहीत उतरवून ठेवला हुता. रोजच उतरवायचो. तुमच्या त्या खेळावर माझा भरोसा नव्हता. म्हनून मला पक्कं ठाऊक की माझा ट्रे जसाच्या तसा हाय. मग बिघाड कुठं? दुसऱ्या टोकाला. दोनच तर टोकं हुती."

"मग वही दाखवायची ना चौकशीत!" नात म्हणाली.

"दाखवली की. साहेब म्हनाला, वही काय, मागाहून पन लिहिता येते." त्यांनी पाय जरा सरळ केले. "सात पावसाळे काढले वर. आता लोक हौसेनं जातात, धबधबे बघतात, फोटो काढतात. मला सरकारनं फुकट दाखवलं. थोरला मुलगा चौथीत हुता तेव्हा गेलो, परत आलो तर मिशा."

हे ते हसत म्हणाले, त्यामुळे मला वाटलं की संपलं, माफ झालं. मी लगेच सुटकेचा सूर लावला. "भाई, मी आता सगळ्यांना खरं काय ते सांगणार. घरात, नातेवाइकांत, सगळ्यांना."

"सगळ्यांना नका सांगू," ते म्हणाले. आता हसत नव्हते. "सगळ्यांनी माझं काय केलं? शेरा ऑफिसनं मारला. सर्व्हिस बुकात, लाल शाईनं. 'निष्काळजी'. रिटायर झालो तेव्हा कागद घ्यायला गेलो, मुलगा बरोबर हुता, त्या क्लार्कनं त्याच्यासमोर वाचून दाखवला. तुम्ही ऑफिसला लिहा."

"आता? ती फाईल तरी असेल का भाई?"

"नसंल. तुम्ही लिहा."

सूनबाईंनी फुलस्केप कागद आणला. मी लिहायला बसले, आणि काय सांगू, सत्तरी उलटून गेलेली माझी ही बोटं, ती त्या सत्तावीस वर्षांच्या बयेचीच निघाली. कागद भरला आणि भाईंना वाचून दाखवला. 'कार्डांचा क्रम बहुधा माझ्याकडून बदलला गेला असावा.'

"बहुधा म्हंजे?"

"म्हणजे... असावा."

"बदलला का न्हाई?"

"बदलला."

"मग काढा ते."

मी खोडलं. पुढे वाचलं. 'त्या वेळच्या कामाच्या ताणामुळे...'

"कसला ताण? सव्वा मिनटात फोन उरकायचा तुमचा."

नात दुसरीकडे बघून हसली. मी तेही खोडलं. 'हे अनवधानाने घडले.'

"भाई, हे मात्र खरं आहे," मी म्हणाले. "ओळी मी मुद्दाम नाही उलटवल्या."

त्यांनी विचार केला. "ओळींचं खरं हाय. ते राहू द्या. पन साहेबाला न्हाई म्हनालात, ते?"

रस्त्यावरून एक मिलिटरीचा ट्रक येत होता, मी त्याच्याकडे बघत राहिले. मग तो गेला.

"ते जाणूनबुजून," मी म्हणाले.

"मग तसं लिवा."

लिहिलं. आधीचा कागद फाडला, पूर्ण मजकूर स्वच्छ अक्षरात पुन्हा काढला. एकही शब्द आखडता घेतला नाही. भाईंनी चष्मा लावून दोनदा वाचला. मग नातीकडे वळले, "तू काय शिकतीस म्हनालीस?"

तिने डब्यांचं सांगितलं. सोमवारचं सांगितलं. भाई ऐकत होते, मध्येच म्हणाले, "वर पावसाळा बघितलास का?"

"नाही. मार्चमध्ये गेलो होतो आम्ही."

"चार महिने धुकं असं की स्वतःचा हात दिसत न्हाई. वायरलेससुद्धा मुका व्हायचा. तिथं निरोप हरवतो, हे धरूनच चाल."

ती वहीत काहीतरी खरडायला लागली. "प्रत्येक निरोप सुटा ठेवला, आधीच्यावर अवलंबून नाही, असा..." ती स्वतःशीच बोलत होती. "पण मग दोन ओळींत बदलत्या पद्धतीला शिकायला वेळच मिळणार नाही. मग तक्ताच लागेल. वाड्यांवरच्या आशा सेविकांच्या जुन्या वह्यांतून शब्द मोजून काढायचे, दोन्हीकडे एकच तक्ता पक्का."

"काचेखालचा कागद," भाई म्हणाले.

"हो. पण बदलायचा झाला तर?"

"बदल की. कोन नको म्हनतं? दोन्ही डब्या एका टेबलावर आन, दोन्ही एकदमच बदल. लांबून न्हाई."

सोमवारी डब्या वर गेल्या नाहीत. तिच्या सरांनी दोन आठवडे वाढवून दिले, वर चार गोष्टी ऐकवल्या. ती वैतागली, रात्रंदिवस शब्द मोजत बसली, आणि माझ्याशी तीन दिवस जेवढ्यास तेवढं बोलली. बरोबर आहे. लहानपणापासून जी गोष्ट ऐकून ती हसत आली, ती तिला आता हसण्याजोगी राहिली नाही. डब्यांचे निरोप बदलत्या पद्धतीपेक्षा थोडे लांब होतात म्हणे. पण चाचणीत तिने मुद्दाम मधले तीन निरोप गाळले, आणि चौथा जसाच्या तसा उतरला.

माझा कागद मात्र माझ्याकडेच होता. आम्ही निघताना भाई म्हणाले होते, "शिक्का मारलेली प्रत आना." म्हणजे जायचं मलाच. आणि पुन्हा तेच, गॅस बघ, दार बघ, बरण्या हलव. शेवटी मंगळवारी सकाळी सून म्हणाली, "आई, आज तुम्ही त्या ऑफिसात गेला नाहीत तर मीच तुम्हाला रिक्षात घालेन. जिरं परत हरवलंय."

ऑफिसची इमारत नवी आहे. आवक-जावकच्या खिडकीशी रांग होती, माझ्या मागे पाच-सहा माणसं. आत एक क्लार्क मुलगी, अंदाजे त्याच वयाची. तिने कागद घेतला, वरवर बघितला, रजिस्टर ओढलं.

"विषय काय लिहू, आजी? थोडक्यात सांगा, रकाना छोटा आहे."

"जुन्या चौकशीतली खोटी साक्ष."

तिने पेन थांबवलं. "मी 'इतर' लिहिते. इतरमध्ये सगळं येतं."

"इतर नको."

"आजी, विषयाने काही फरक पडत नाही. कागद आत जातोच."

"मला पडतो. खोटी साक्ष लिहा."

मागचा एक जण म्हणाला, "ओ आजी, उरका की, आमाला बी गावाला जायचंय."

"उरकतेच आहे बाबा," मी मागे न बघता म्हणाले. "पंचेचाळीस वर्षं लागली, अजून दोन मिनिटं दे."

मुलीने लिहिलं. मग माझ्याकडे वर बघून, जरा आवाज खाली आणून विचारलं, "साक्ष कुणाची पण? नुसत्या विषयावरून कळत नाही. तुमच्याविरुद्ध कोणी दिली होती का?"

तिने मला वाट काढून दिली होती, बिचारीने. म्हातारी बाई, कागद घेऊन आलेली, म्हणजे अन्याय हिच्यावरच झाला असणार. मी 'हो' म्हटलं नाही एवढंच. पण एक क्षण गप्प राहिले, हे इथे लिहायलाच हवं.

"माझी," मी म्हणाले. "खोटी साक्ष मी दिली. तसं लिहा."

मुलगी मान खाली घालून पुढचं लिहायला लागली. 'जुन्या चौकशीतील खोटी साक्ष, अर्जदाराने स्वतः दिलेली.' रकान्यात ते मावलं नाही. शेवटचे दोन शब्द खालच्या ओळीत, दुसऱ्याच कोणाच्या अर्जाच्या जागेत गेले. तिने माझ्याकडे बघितलं, खोडू का अशा नजरेने.

"जाऊ दे तिकडे," मी म्हणाले. "शिक्का मारा."